कारण: इतर

बाई,

कॉलेजात तोंडावर आम्ही तुम्हाला मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे बाई. पाठीमागच्या हाकेत आदर जास्त होता, पण ती तुमच्यासमोर मारायची माझी कधी हिंमत झाली नाही. आता तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा मारतो. आज रविवार. घरची मंडळी लग्नाला गेली आहेत, मी काम आहे म्हणून मागे राहिलो. काम खरंच आहे. एक पानभर अहवाल लिहायचा आहे, आणि सकाळपासून मी ओळ लिहितोय, पुसतोय, उठून चहा टाकतोय, गॅलरीत जाऊन वारज्याच्या पुलाखालची वाहनं बघतोय आणि परत येऊन बसतोय. त्या अहवालात मी काय लिहितो यावर एका माणसाची नोकरी राहणार किंवा जाणार आहे. रोजनिशी लिहायची माझी सवय जुनी, पण रोजनिशी उलट काही विचारत नाही. तुम्ही विचारायचात. म्हणून आजचं पान तुम्हाला.

आधी मी हल्ली काय करतो ते सांगायला हवं, कारण तुम्ही होतात तेव्हा हा उद्योग नव्हता. हिंजवडीतल्या एका कंपनीत बसतो. कारखान्यांतल्या मोटरींना जे संरक्षक रिले लावलेले असतात, त्यांची माहिती तारेवरून आमच्या स्क्रीनवर येते. मोटर किती करंट घेते, किती तापली, आणि रिलेने तिला बंद पाडलं तर का पाडलं. तुम्ही आम्हाला ज्या रिलेसमोर तासन् तास उभं करायचात, ते आता मी खुर्चीत बसून, वातानुकूलित खोलीत, मोटरीचा आवाजही न ऐकता बघतो. जास्त भार, तापमान, एक फेज गेली, जमिनीशी गळती, अशी प्रत्येक ट्रिपची, म्हणजे मोटर बंद पडण्याची, कारणं रकान्यात आपोआप भरली जातात. जे कशातच बसत नाही, त्याच्यासाठी शेवटचा रकाना आहे: इतर. थोडा वेळ गेला की आमची प्रणालीच रिले रीसेट करते आणि मोटर पुन्हा सुरू होते, कोणाला उठावंही लागत नाही. ग्राहकांना ही सोय फार आवडते. मला ती कधीच आवडली नाही, पण मीटिंगमध्ये ते सांगताना माझा आवाज नेहमी बारीक होतो.

तुमच्या प्रयोगशाळेतला तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी वाशीमकडून आलेला, पुण्याची हवा अजून अंगाला न लागलेला. पॅनेलवर जुने काचेचे रिले एका रांगेत आहेत. तुम्ही मुद्दाम काहीतरी बिघाड करून ठेवलाय, मोटर सुरू होऊन बंद पडते. पडली की ज्या रिलेने पाडली त्याच्या काचेआड एक नारिंगी पट्टी खाली येते, ती बघून कळायचं कोणी पाडली. मी पट्टीकडे बघत नाही. सरळ पुढे होतो, एकामागून एक पट्ट्या वर ढकलून सगळे रिले रीसेट करतो, बटण दाबतो, मोटर चालू. वर्गाकडे वळून बघतो सुद्धा.

"चालू झाली नं, मॅडम," मी म्हणतो.

"झाली नं," तुम्ही माझ्याच सुरात म्हणता. "अभिनंदन. आता आपण ती का पडली होती तेवढं सांगा, म्हणजे आम्ही सगळे आपल्यासाठी टाळ्या वाजवून जेवायला जातो."

मी पट्ट्यांकडे बघतो. सगळ्या वर गेलेल्या. मोटर पुन्हा पडते. वर्ग हसतो आणि तुम्ही हसत नाही. "घरात चोरी झाली," तुम्ही म्हणता, "आणि पोलीस यायच्या आत यांनी घर झाडून, फरशी पुसून, रांगोळी काढून ठेवली. बसा." तुमचं ते 'आपण' आणि 'यांनी' फार लागायचं. शिवी परवडली असती. त्या दिवशी मेसमध्ये मला जेवण गेलं नाही. पण त्यानंतर कधीही, कुठल्याही कारखान्यात, वाचल्याशिवाय मी रीसेट केलं नाही, हेही खरं.

नंतर तुमचं घर पाहिलं आणि तुम्ही घरीही तशाच आहात हे बघून बरं वाटलं. प्रोजेक्टच्या कागदांवर सही हवी म्हणून नारायण पेठेत आलो होतो. दार काकांनी उघडलं, हाताला लाल तिखट. "हिचा विद्यार्थी का? या. चहा मिळणार नाही, मिक्सर बंद पडलाय." चहाचा आणि मिक्सरचा संबंध काय हे विचारायचं धाडस मला झालं नाही. तुम्ही आतून म्हणालात, त्यालाच बघू दे. मी मिक्सर उलटा केला. तळाला लाल बटण होतं, घरोघरच्या मिक्सरला असतं तेच. बोट पुढे गेलं आणि मी थांबलो. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतात. मी भांडं काढलं, चटणी वाटीत काढली, आणि पात्याखाली करवंटीचा तुकडा अडकलेला सापडला. "लिहून घ्या," काका म्हणाले, "कारण: नवरा." तुम्ही तुकडा उचलून उजेडात धरलात. "नवरा हे कारण होत नाही. ती परिस्थिती आहे." मग चहा झाला. नोकरी लागल्याचं सांगायला पुन्हा आलो तेव्हा तुम्ही मला एक छोटा गोल आरसा दिलात, पर्समध्ये असतो तसा. पॅनेलच्या मागच्या बाजूचं वाचायला उपयोगी पडतो म्हणालात. "स्वतःचं तोंड बघायला दिलेला नाही."

भोसरीच्या त्या पहिल्या नोकरीतच झेंडूचं प्रकरण झालं. रबराचे पट्टे बनवणारा कारखाना. परदेशी भागीदार नुकताच आला होता, त्याच्याबरोबर नवे इलेक्ट्रॉनिक रिले आले होते, आकडे दाखवणारे, आणि जुने काढून भंगारात टाकले होते. दसरा झाला आणि काही दिवसांनी धूर ओढणाऱ्या मोठ्या पंख्याची मोटर पडू लागली. मी वाचलं. कारण स्पष्ट होतं: आतली गुंडाळी तापलेली. पण करंट नेहमीइतकाच. भार वाढलेला नाही, तरी मोटर तापते कशी? मी केबल तपासली, गुंडाळीचा रोध मोजला, बेअरिंग ऐकलं, शेवटी रिलेच बदलला. नवा रिलेही पाडायचा. वर्क्स मॅनेजर म्हणाले, परदेशी रिले फार नाजूक आहेत, तापमानाची मर्यादा वाढवून टाका. मी ते केलं नाही. तुम्हाला फोन केला.

तुम्ही रिक्षाने आलात. पॅनेलकडे गेलातच नाही. मोटरीच्या मागच्या बाजूला, जिथे तिला गार ठेवणाऱ्या पंख्यावर जाळीचं टोपण असतं, तिथे जाऊन रुमाल धरलात. चालू मोटरीने तो जाळीकडे ओढून घ्यायला हवा होता. रुमाल तसाच लोंबत राहिला. "हवा कुठंय हिला?" तुम्ही म्हणालात. मोटर थांबवली, टोपण उघडलं. आत झेंडूच्या पाकळ्यांचा थर, तेलात भिजून जाळीला लिंपलेला, त्यात हाराचा दोरा आणि नारळाच्या शेंडीचे तंतू. खंडेनवमीला कामगारांनी मोटरीला भरगच्च हार घातला होता, आणि मोटरीने तो श्रद्धेने गिळला होता. मला हसू आवरेना. मॅनेजरना आवरलं. "कोणी घातला हार? बोलवा त्याला." मागे उभी असलेली माणसं एकमेकांमागे सरकली. तुम्ही रुमालाची घडी घालत होतात. "अहो, पूजा कंपनीची, हार कंपनीचा, पेढे आपण खाल्लेत," तुम्ही म्हणालात. "आता बोलवायचंच तर सगळ्यांनाच बोलवावं लागेल. पुढच्या वर्षी हार समोरून घाला म्हणावं." मॅनेजरनी बोलवलं नाही. तुमच्या बोलण्याने विषय कसा संपायचा हे मी तेव्हा बघितलं, पण तसं बोलायचं कसं ते काही शिकलो नाही. आणि तिथलं कारण झेंडू होतं. झेंडू निर्दोष असतो. मला ज्याने आज बसू दिलेलं नाही, ते तितकं सोपं नाही.

लोणी काळभोरच्या पुढे सोलापूर रस्त्यावर एक पशुखाद्याचा कारखाना आहे, आमचा ग्राहक. धान्य आणि पेंड एका पट्ट्यावरून भरडायच्या यंत्राकडे जाते. त्या पट्ट्याची मोटर बरेच दिवस ट्रिप होते आहे. स्क्रीनवर बघितलं तर करंट शांत, तापमान शांत, आणि मग एकदम शून्य. रकाना: इतर. अशी मोटर स्वतःहून पडत नाही, तिला कोणीतरी हाताने पाडतं. हे मला खुर्चीतूनच कळलं होतं, तिथल्या मॅनेजरलाही कळलं होतं. तरुण मुलगा आहे, बोलायला गोड. शुक्रवारी त्याचा फोन आला.

"सर, डेटावरून क्लिअर आहे ना? मोटर हेल्दी आहे, ट्रिप मॅन्युअल आहे. एवढंच लिहून द्या. मग आम्हाला बेस मिळतो."

"कशाला?"

"माणूस काढायला, सर. दुपारच्या शिफ्टमध्येच होतंय. चौघं आहेत, विचारलं तर एकही तोंड उघडत नाही. एकाला काढला की बाकीचे आपोआप सरळ होतील."

"पण कोणाला?"

"तेच तर. तुम्ही एक्स्पर्ट आहात, तुम्हाला सांगतील. नाव मिळालं तर बघा ना, सर."

आमच्या ऑफिसात माझा साहेब माझ्याहून लहान आहे. तो म्हणाला, प्रत्यक्ष जाऊन बघणं आपल्या कामात बसत नाही, डेटावरून द्या. म्हणून काल शनिवारी सुट्टीत माझ्या गाडीने गेलो. जाताना मनाशी ठरवलं होतं की कोणीतरी आळशी असणार, बिडी प्यायला पट्टा थांबवत असणार. तसं निघालं असतं तर अहवाल सोपा होता. हे तुमच्यापासून काय लपवायचं, मला तो सोपाच हवा होता.

दुपारची शिफ्ट लागलेली. पेंडीचा गोड, जड वास आणि सगळीकडे धुरळा. पट्ट्याजवळ एक जण उभा, आणि थोड्या अंतरावर मोटरींच्या पॅनेलचं दार उघडं टाकून दुसरा. पॅनेलवाला तिशीचा असेल. मला बघून दचकला नाही.

"तुमी काम्पुटरवालं सायेब का? या, बगा."

मी काही विचारायच्या आधीच त्याने दाखवलं. पोत्यांच्या सुतळ्या धान्यात येतात आणि पट्ट्याच्या रोलरला गुंडाळतात. काढायला हात घालावा लागतो. पट्ट्याच्या कडेने दोरी आहे, ती ओढली की पट्टा जागेवर थांबायला हवा. मी ओढली. पट्टा चालूच. धुरळ्याने तिचा स्विच सारखा अडकायचा, उत्पादन थांबायचं, म्हणून कोणीतरी तार जोडून तो कायमचा निकामी केलेला. पॅनेलवरचं बंद करायचं बटणही झाकण लावून कुलपात, कारण आता चालू-बंद ऑफिसातल्या संगणकावरून होतं. "हापिसात फोन लावा, मंग ते बंद करत्यात," तो म्हणाला. "तवर हात ऱ्हायला पायजे ना जाग्यावर." राहिलं होतं फक्त रिलेवरचं बारकं लाल बटण, चाचणीसाठी असतं ते. ते दाबलं की मोटर पडते, आणि सुतळी निघेपर्यंत ते दाबूनच धरावं लागतं, असं तो म्हणाला.

"मग दाबलं की सोडून का देत नाही?" मी विचारलं.

"सोडलं तर ह्यो आपल्या आपन चालू व्हतो. आदी न्हवता व्हत. नवीन कायतरी बसिवलंय तवापासून व्हतो." त्याने बोट माझ्याकडे केलं. "तुमीच बसिवलंय न्हवं?"

हो म्हणालो. तेवढ्यात पट्ट्याजवळच्याने ओरडून हात वर केला. याने बटण दाबलं आणि दाबून धरलं. पट्टा थांबला. तिकडे त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि सुतळी ओढू लागला. माझ्या ऑफिसात त्या वेळी स्क्रीनवर एक ओळ उमटली असणार. कारण: इतर. मी त्या माणसाच्या अंगठ्याकडे बघत उभा होतो. दाबून नख पांढरं झालं होतं. बाई, मी आयुष्यात इतके रिले वाचले, पण एक मोटर कशाने पडते ते इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं.

आता अडचण तुमच्या लक्षात आली असेल. मॅनेजर खोटं बोलत नाही. ट्रिप हाताने होते, मोटर निर्दोष आहे, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि ती मला लिहावीच लागतील. ती लिहिली की माणूस जातो, आणि पट्टा तसाच चालू राहतो, आता पॅनेलपाशी कोणी उभं नसताना. ती लिहिली नाहीत, कारण कळलं नाही असं लिहिलं, तर मी खोटं लिहितो आणि दोरी तशीच मेलेली राहते. सकाळपासून ही वाक्यं मी पुढेमागे करतोय. आधी दोरी लिहिली तर मॅनेजर ती ओलांडून पुढे वाचेल. आधी बटण लिहिलं तर पुढचं वाचणारच नाही. आणि आपोआप रीसेटचं लिहायचं म्हणजे माझ्याच कंपनीविरुद्ध लिहायचं. मधेच वाटलं, मी एवढा घोळ घालतोय तो त्या माणसासाठी, की आपण नीतीने वागलो असं रात्री वाटावं म्हणून? हा प्रश्न मी स्वतःला फार विचारतो आणि बहुतेक वेळा काम टाळायलाच विचारतो.

(इथे उठलो होतो. आता संध्याकाळ झाली आहे.)

अहवाल पाठवला. सगळं लिहिलं. पहिलं वाक्य: या पट्ट्याला धोक्याच्या वेळी थांबवण्याची एकही चालू सोय नाही. मग दोरी, मग कुलूप, मग आमचं आपोआप रीसेट, ते ताबडतोब बंद करावं अशी शिफारस. आणि मग, कामगार हात वाचवायला रिलेचं बटण दाबून धरतात, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नाही, आणि सोय दुरुस्त होईपर्यंत हे थांबवलं तर अपघात होईल. कारखान्याच्या मालकांना आणि आमच्या साहेबांना, दोघांनाही प्रत पाठवली. साहेबांचं उत्तर आलंय, उद्या सकाळी लवकर भेटा. त्यात काय आहे ते मला माहीत आहे. मालक वाचतील की मॅनेजर वाचून दाखवेल ते माहीत नाही. तुम्ही असतात तर एका वाक्यात संपवलं असतंत, आणि समोरच्याला काही सुचलं नसतं. मला एक पान लागलं, आणि त्यातून कोण वाचेल हे अजून सांगता येत नाही.

आत्ता मॅनेजरचा फोन येऊन गेला. आवाज पूर्वीइतका गोड नव्हता.

"सर, हे सेफ्टीचं वगैरे आम्ही बघू. पण नाव?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही भेटलात ना त्याला?"

"भेटलो. नाव माहीत नाही."

"म्हणजे विचारलंच नाही?"

"नाही."

हे अक्षरशः खरं आहे. तुम्ही मात्र एवढ्यावर मला सोडलं नसतंत, म्हणून लिहून टाकतो. काल निघताना तो माणूस मला गेटपर्यंत पोचवायला आला होता. बाकीचे तिघं ऐकणार नाहीत इतक्या लांब आल्यावर म्हणाला, "सायेब, लिवायचंच झालं तर माजं येकट्याचं लिवा, ह्यांची लेकरं ल्हान हायेत. माजं नाव..." आणि मी त्याला मध्येच तोडून विचारलं, इथे प्यायला पाणी मिळेल का. तो तसाच मागे पळाला, तांब्या भरून घेऊन आला. मी तो तिथेच उभ्याउभ्या सगळा प्यायलो, गाडीत बसलो आणि निघालो. तहान मला लागली नव्हती.